"सहा महिन्यात क्रेडिट कार्ड बंद" वाला फॉरवर्ड: खरं किती, खोटं किती

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर "तातडीने वाचा" म्हणून एक फॉरवर्ड फिरतोय. क्रेडिट कार्ड सहा महिने वापरलं नाही तर बँक न सांगता बंद करते, सिबिल (कर्जफेडीवरून ठरणारा क्रेडिट स्कोअर) पडतो, मग घराचं लोन विसरा, म्हणून दर महिन्याला हजाराची खरेदी करा, बिलातलं थोडं बाकी ठेवा, नाहीतर कार्डात पाचशे रुपये जादा भरून ठेवा. पडून असलेलं कार्ड बंद होऊ शकतं एवढं त्यात खरं आहे, बाकी बघू.

"सहा महिने, न सांगता." रिझर्व्ह बँकेचे कार्डांचे नियम एप्रिल २०२२ मध्ये आले, जुलैपासून लागू झाले. त्यात एक वर्षापेक्षा जास्त काळ कार्ड वापरलं नाही तर बंद करायची प्रोसेस आहे, तीही आधी कळवून, आणि ३० दिवसात तुमचं उत्तर आलं नाही तरच, शिवाय आधीची बाकी चुकती झालेली पाहिजे. म्हणजे मेसेज आल्यावरपण महिना हातात असतो की.

पण आपल्याकडची खरी गोम इथेच आहे आणि त्यावर फॉरवर्डमध्ये एक ओळ नाही. आपली निम्मी पोरं पुण्याला, गोव्याला नोकरीला, कार्ड तिथल्या ऑफिसात काढलेलं, नंबर कंपनीचा, पत्ता भाड्याच्या खोलीचा, आणि आता माणूस उद्यमबागला कामाला लागलाय नाहीतर शहापुरात दुकान बघतोय. बँक कळवणार जुन्या नंबरवर आणि बंद पडलेल्या ऑफिसच्या ईमेलवर. मग "न सांगता बंद केलं" म्हणून बोंब. तेव्हा आधी मोबाईल, ईमेल आणि पत्ता बदलून घ्या, खरेदीचं नंतर.

"दर महिन्याला हजार." असा काही नियम नाही. बंद होऊ नये म्हणून दोन-तीन महिन्यातून एकदा हेस्कॉमचं लाइटबिल नाहीतर मोबाईल रिचार्ज केलात तरी पुरे. फक्त वार्षिक फी माफ व्हायला किती खर्च लागतो ते वेगळं असतं, ते आपापल्या कार्डाचं बघा. रुपे क्रेडिट कार्ड असेल तर यूपीआयला जोडून खडे बाजारात स्कॅन करता येतं, मात्र दुकानाचा मर्चंट क्यूआर पाहिजे, मालकाच्या स्वतःच्या खात्याचा क्यूआर असेल तर क्रेडिट कार्ड चालत नाही.

"थोडं बिल बाकी ठेवा." हा सल्ला कुणी काढला देव जाणे! मिनिमम ड्यू, म्हणजे बिलावर लिहिलेली किमान रक्कम, तेवढीच भरून बाकी ठेवलं तर व्याज साधारण महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर, त्यावर १८ टक्के जीएसटी, आणि पुढच्या नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. बाकी ठेवल्याने सिबिल वाढत नाही, वेळेवर पूर्ण भरलेलं बिलच चांगलं दिसतं.

"पाचशे जादा भरा." पैसे भरणं म्हणजे वापर नव्हे. कार्ड बंद झालं तर ती जमा रक्कम तुमच्या बँक खात्यात पाठवायची असा नियम आहे, म्हणजे पाचशे बुडत नाहीत, पण कार्डही त्यांच्या जिवावर वाचत नाही.

आता सिबिल. कार्ड साधं बंद झालं तर रिपोर्टमध्ये "क्लोज्ड" लागतं, तो डाग नाही, "सेटल्ड" (बाकी पूर्ण न भरता तडजोडीने मिटवलेली) किंवा "राइट ऑफ" (बँकेने बुडीत धरलेली) हा डाग. फरक पडतो तो लिमिटचा. पन्नास-पन्नास हजार लिमिटची दोन कार्डं, महिन्याचा खर्च वीस हजार, तर एकूण लिमिटचा वापर २० टक्के. एक बंद झालं की तोच ४० टक्के, त्याने स्कोअर थोडा खाली येऊ शकतो. घराच्या लोनला अर्ज टाकणार असाल तर जुनं कार्ड चालू ठेवा, हे बरोबर.

आणि ज्याला कार्ड नकोच आहे त्याने वर्ष कशाला थांबायचं? थकबाकी शून्य करून बंद करायची रिक्वेस्ट टाका, बँकेने ती ७ कामाच्या दिवसात पूर्ण करायची, उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये दंड बँकेने तुम्हाला द्यायचा. रिक्वेस्टचा नंबर जपून ठेवा, बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवसात उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला फी लागत नाही.