खालिद जमील यांना हटवल्याने गोल होणार नाहीत

18 नोव्हेंबर 2025 रोजी ढाक्यात भारतीय फुटबॉल संघ बांगलादेशाकडून 0-1 असा हरला. 2003 नंतर बांगलादेशाविरुद्धचा हा आपला पहिलाच पराभव होता आणि तो समर्थकांच्या जिव्हारी लागणे स्वाभाविक होते. त्या रात्रीपासून समर्थकांमध्ये एक दावा सातत्याने फिरतो आहे. जुलै 2023 मध्ये जागतिक क्रमवारीत 99 वा असलेला संघ सव्वादोन वर्षांत 142 व्या स्थानावर घसरला, याचे कारण चुकीचे प्रशिक्षक होत. त्या सामन्यात संघाचे मुख्य प्रशिक्षक असलेल्या खालिद जमील यांचा बचावात्मक खेळ क्लबपुरता ठीक असला तरी देशाच्या संघाला पेलणारा नाही. 140 कोटींच्या देशात गुणवत्तेची वानवा नसल्यामुळे एखादा नामांकित परदेशी प्रशिक्षक आणला की संघ पुन्हा पहिल्या शंभरात येईल, असे या दाव्याचे स्वरूप आहे. तो करणाऱ्यांची तळमळ खरी आहे, याविषयी मला शंका नाही. मात्र त्यातले जवळजवळ प्रत्येक विधान तपासल्यावर डळमळते, आणि ज्यांना जाब विचारायला हवा ते त्यामुळे सहीसलामत सुटतात.

सुरुवात क्रमवारीपासून करू, कारण दाव्याचा सगळा भार त्या दोन आकड्यांवर आहे. 99 आणि 142 हे दोन्ही आकडे बरोबर आहेत. त्यांच्यामधले टप्पे मात्र सोयीस्करपणे गाळलेले आहेत. फेब्रुवारी 2024 मध्ये, आशिया चषकानंतर, भारत 117 वा होता. इगोर स्टिमाच यांची हकालपट्टी झाल्यानंतर, जुलै 2024 मध्ये, तो 124 वा होता. मानोलो मार्केझ पायउतार झाले त्या जुलै 2025 मध्ये 133 वा, आणि जमील यांच्या कारकिर्दीतल्या पहिल्या चार महिन्यांनंतर 142 वा. म्हणजे एका क्रोएशियन, एका स्पॅनिश आणि एका भारतीय प्रशिक्षकाच्या हाताखाली संघ घसरतच राहिला, आणि 43 स्थानांच्या या घसरणीतली 25 स्थाने एकट्या स्टिमाच यांच्या काळातली आहेत. स्वभाव, पद्धत आणि अनुभव या तिन्ही बाबतींत एकमेकांशी फारसे साम्य नसलेल्या तिघांना सारखेच अपयश येत असेल, तर त्या तिघांना समान असलेल्या गोष्टीकडे आधी पाहायला हवे.

ज्या 99 व्या स्थानाचा एवढा गौरव होतो, त्याचीही नीट तपासणी झालेली नाही. 2023 च्या पूर्वार्धात भारताने इंफाळमधली तिरंगी स्पर्धा, भुवनेश्वरमधला इंटरकॉन्टिनेन्टल चषक आणि बंगळुरूमधली सॅफ ही दक्षिण आशियाई देशांची स्पर्धा जिंकली. लेबनॉनला अंतिम सामन्यात 2-0 असे हरवणे आणि कुवेतला पेनल्टी शूटआउटमध्ये नमवणे ही मोठीच कामगिरी होती, पण तिन्ही स्पर्धा आपल्या घरच्या मैदानांवर झाल्या होत्या. त्याच वर्षी देशाबाहेर गेल्यावर थायलंडमधल्या किंग्ज चषकात इराककडून शूटआउटमध्ये आणि लेबनॉनकडून 0-1 असा पराभव पदरी पडला, तर मर्डेका स्पर्धेत मलेशियाने 4-2 असे हरवले. नोव्हेंबरमध्ये कुवेत शहरात मनवीर सिंगच्या गोलमुळे मिळालेला 1-0 विजय हा त्या वर्षातला देशाबाहेरचा खरा मोलाचा निकाल. दोन महिन्यांनी कतारमध्ये ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया यांच्याविरुद्ध तीन सामन्यांत आपल्याला एकही गोल करता आला नाही आणि आपण सहा गोल स्वीकारले. 99 हा आकडा ज्या उंचीचा भास निर्माण करतो, त्या उंचीवर संघ तेव्हाही नव्हता.

दाव्यातला दुसरा मुद्दा जमील यांच्या बचावात्मक पद्धतीचा. ही टीका निराधार नाही. 14 ऑक्टोबर 2025 रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर लालियानझुआला छांगतेने चौदाव्या मिनिटाला आघाडी मिळवून दिल्यावर सिंगापूरकडून 1-2 असे हरणे आणि त्याबरोबर 2027 च्या आशिया चषकाची वाट बंद होणे, याची जबाबदारी मुख्य प्रशिक्षकाला झटकता येत नाही. गोव्यासारख्या फुटबॉल जाणणाऱ्या प्रेक्षकांसमोर ते घडले, म्हणून ते अधिकच बोचले. परंतु पात्रता केवळ त्या दिवशी हुकलेली नाही. या गटात भारत अव्वल मानांकित होता. मार्केझ यांच्या काळात शिलाँगला बांगलादेशाशी 0-0 अशी बरोबरी आणि हाँगकाँगमध्ये भरपाई वेळेतल्या पेनल्टीवर 0-1 असा पराभव झाला होता. जमील यांच्या हाती गट आला तेव्हा दोन सामन्यांत एक गुण एवढीच जमा होती. सिंगापूरमध्ये संदेश झिंगनला लाल कार्ड मिळाल्यावर दहा जणांनिशी खेळणाऱ्या संघाला रहीम अलीने 90 व्या मिनिटाला बरोबरी साधून दिली, हेही त्याच प्रशिक्षकाच्या खात्यावर लिहायला हवे.

त्याआधीच्या काफा नेशन्स चषकाचा, म्हणजे मध्य आशियाई फुटबॉल संघटनेच्या स्पर्धेचा, या दाव्यात उल्लेखच नसतो. 1 ऑगस्ट 2025 रोजी नियुक्त झालेल्या जमील यांनी महिनाभरात ताजिकिस्तानला त्यांच्याच मैदानावर 2-1 असे हरवले, इराणकडून 0-3 असा पराभव स्वीकारला, अफगाणिस्तानशी गोलशून्य बरोबरी केली आणि ओमानला शूटआउटमध्ये हरवून तिसरे स्थान मिळवले. ही स्पर्धा, क्लबांना राष्ट्रीय संघासाठी खेळाडू सोडावेच लागतात त्या फिफाच्या ठरलेल्या कालावधीबाहेर सुरू होत असल्यामुळे मोहन बागानने आपले खेळाडू सोडले नव्हते, आणि सुनील छेत्रीही संघात नव्हता. अपुऱ्या साधनांत संघटित खेळ उभा करणे ही जमील यांची जुनी ओळख आहे. मुंबई एफसी हा त्यांचा संघ तुटपुंज्या पैशांत वर्षानुवर्षे आय-लीग या राष्ट्रीय लीगमध्ये टिकून राहिला तो याच पद्धतीने, आणि 2016-17 मध्ये आयझॉल एफसीने आय-लीग जिंकून साऱ्या देशाला चकित केले तेही याच पद्धतीने. ही पद्धत कोणाला आवडो वा न आवडो, ती आंतरराष्ट्रीय पातळीवर चालतच नाही असे म्हणण्याइतका पुरावा चार महिन्यांत जमलेला नाही.

आता गोलांकडे वळतो, कारण माझ्या मते साऱ्या वादाचे मूळ तिथे आहे. मार्केझ यांच्या आठ सामन्यांत भारताने एकच विजय मिळवला आणि एकूण पाच गोल केले. त्यांतले तीन मालदीवविरुद्धचे. या पाचांपैकी दोन गोल राहुल भेके या मुंबईकर बचावपटूचे आहेत, आणि तिसरा मालदीवविरुद्धचाच, जून 2024 मध्ये निवृत्त होऊन मार्च 2025 मध्ये परतलेल्या छेत्रीचा. निवृत्त खेळाडूला परत बोलवावे लागले ही प्रशिक्षकाची हौस नव्हती. 2024-25 च्या इंडियन सुपर लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा भारतीय तोच होता, चाळिसाव्या वर्षी, 14 गोलांसह. तरुण भारतीय आघाडीवीर त्याच्या जवळपासही नव्हते.

ते का नव्हते, याचे उत्तर राष्ट्रीय शिबिरात सापडणार नाही. 2014 पासून 2024-25 पर्यंत सुपर लीगचे 11 हंगाम झाले आणि या अकराही हंगामांत सर्वाधिक गोलांचा मान परदेशी खेळाडूला मिळाला. एका वेळी चार परदेशी खेळाडू मैदानावर उतरवता येतात, आणि क्लब त्यांतली एक जागा जवळजवळ नेहमी मध्यवर्ती आघाडीवीरासाठी राखतात. क्लबच्या दृष्टीने हा निर्णय समजण्याजोगा आहे, कारण त्याला येत्या शनिवारचा सामना जिंकायचा असतो. परिणाम असा होतो की भारतीय आक्रमक खेळाडू एक तर कडेला ढकलला जातो किंवा राखीव बाकावर बसतो. गोलसमोर पाठीवर बचावपटू घेऊन चेंडू ताब्यात ठेवण्याचा, अर्ध्या संधीवर फटका मारण्याचा आणि चुकूनही पुढच्या आठवड्यात पुन्हा तिथेच उभे राहण्याचा सराव त्याला मिळतच नाही. राष्ट्रीय प्रशिक्षकाकडे खेळाडू वर्षातून मोजके आठवडे असतात. आशिया चषकासारख्या स्पर्धेपूर्वी स्टिमाच यांना दोहामध्ये जेमतेम दोन आठवडे मिळाले. तेवढ्या काळात बचावाची फळी बसवता येते, कॉर्नर आणि फ्रीकिकचा सराव घेता येतो. स्ट्रायकर घडवता येत नाही.

त्यात 2025 मध्ये जे घडले ते तर अभूतपूर्व होते. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि सुपर लीग चालवणारी कंपनी फुटबॉल स्पोर्ट्स डेव्हलपमेंट लिमिटेड यांच्यातला 2010 चा करार डिसेंबर 2025 मध्ये संपणार, हे सर्वांना वर्षानुवर्षे माहीत होते. तरीही त्याची पुढची व्यवस्था वेळेत झाली नाही, जुलैमध्ये सुपर लीग स्थगित झाली, काही क्लबांनी वेतन आणि सराव थांबवले, आणि नव्या व्यावसायिक भागीदारासाठी काढलेल्या निविदेला एकही बोली आली नाही. एरवी सप्टेंबरमध्ये सुरू होणारी लीग फेब्रुवारी 2026 मध्ये, तीही छोट्या स्वरूपात, सुरू होऊ शकली. दरम्यान मुंबई सिटी या क्लबमधून त्याचा परदेशी मालक असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने अंग काढून घेतले. सिंगापूरविरुद्धचे दोन्ही सामने जे खेळाडू खेळले, त्यांतल्या अनेकांच्या पायांत लीगचा एकही सामना नव्हता. पुढचा पगार कुठून येणार हेही काहींना ठाऊक नव्हते. ढाक्यातल्या पराभवाचे विश्लेषण करताना ही पार्श्वभूमी वगळून केवळ संघरचनेवर बोलणे अन्यायाचे आहे.

नामांकित परदेशी प्रशिक्षक आणावा, हा तिसरा मुद्दा. स्टिमाच 1998 च्या विश्वचषकात कांस्यपदक जिंकलेल्या क्रोएशियाच्या संघातले होते. नावलौकिकाची कमतरता तिथे नव्हती. त्यांनी संघाला 2019 मध्ये दोहात कतारशी 0-0 बरोबरी साधून दिली आणि त्यांच्याच हाताखाली मार्च 2024 मध्ये गुवाहाटीत, छेत्रीच्या दीडशेव्या सामन्यात, आघाडीवर असलेला संघ अफगाणिस्तानकडून 1-2 असा हरला. मार्केझ हे सुपर लीगमध्ये स्वतःला सिद्ध केलेले प्रशिक्षक होते, परंतु त्यांनी पहिल्या हंगामात एफसी गोवा आणि राष्ट्रीय संघ अशी दोन्ही पदे एकाच वेळी सांभाळावीत हा निर्णय महासंघाने मान्य केला होता. त्या निर्णयाचे उत्तरदायित्व आजपर्यंत कोणी स्वीकारलेले नाही. स्टिमाच यांचा करार 2023 मध्ये 2026 पर्यंत वाढवायचा आणि आठ महिन्यांत त्यांना काढून टाकायचे, मग तडजोडीपोटी सुमारे 4 लाख अमेरिकी डॉलर द्यायचे, हा खर्चही कोणाच्या नावावर पडलेला नाही. जुलै 2025 मध्ये बार्सिलोनाचे माजी प्रशिक्षक झावी यांच्या नावाने आलेला अर्ज बनावट निघाला, तेव्हा समर्थकांमध्ये उसळलेला उत्साह मला अस्वस्थ करून गेला, कारण एका नावाने सारे पालटेल ही आशा किती खोलवर रुजली आहे ते त्यातून दिसले.

उझबेकिस्तानचे उदाहरण या मुद्द्याला सरळ छेद देते. जून 2025 मध्ये त्यांनी प्रथमच विश्वचषकाची पात्रता मिळवली ती तिमूर कापाद्झे या स्थानिक प्रशिक्षकाच्या हाताखाली, आणि तेही जानेवारीत स्रेच्को कातानेत्स यांच्या जागी आलेले होते. फाबियो कान्नाव्हारो यांच्यासारखे मोठे नाव आले ते पात्रता मिळून गेल्यावर, ऑक्टोबरमध्ये. वर्षभरात तीन प्रशिक्षक झाले तरी संघ ढळला नाही, कारण 2023 मध्ये 20 वर्षांखालील आणि 2025 मध्ये 17 वर्षांखालील आशियाई विजेतेपद मिळवणारी पिढ्यांची रांग खाली तयार होती. ज्या कतारच्या आशिया चषकात त्यांनी आपल्याला 3-0 असे हरवले, तिथला फरक प्रशिक्षकांमधला नव्हता.

140 कोटींच्या मुद्द्यावर फार रेंगाळण्याचे कारण नाही. केप व्हर्दे आणि क्युरासाओ 2026 च्या विश्वचषकासाठी पात्र ठरले. पहिल्याची लोकसंख्या पाच लाखांच्या आसपास, दुसऱ्याची दीड लाखाच्या. लोकसंख्येतून खेळाडू आपोआप निघत नाहीत, ते क्लबांतून निघतात. आपल्या महाराष्ट्रात काय झाले ते पाहा. महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बंद झाला. पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजीयन्स, मुंबई एफसी, एफसी पुणे सिटी हे सारे पुढच्या दशकभरात एकामागोमाग मिटले. कोल्हापुरात शाहू स्टेडियम पेठांमधल्या तालीम संघांच्या फुटबॉल सामन्यांना आजही भरते आणि त्याच मातीतला अनिकेत जाधव 2017 मध्ये 17 वर्षांखालील विश्वचषक खेळला, पण पेठेतल्या मैदानापासून अव्वल व्यावसायिक क्लबापर्यंत पोहोचण्याची पायरी राज्यात उरलेली नाही. त्या विश्वचषकातल्या मुलांना खेळायला मिळावे म्हणून महासंघाने चालवलेला इंडियन ॲरोज संघही 2022 मध्ये बंद करण्यात आला. गुणवत्तेची वानवा नाही, हे दाव्यातले वाक्य मला मान्य आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मान्य नाही.

शेवटी, निदान काहीतरी करायला हवे म्हणून तरी प्रशिक्षक बदला, असेही म्हटले जाते. ते काहीतरी जून 2024 मध्ये झाले आणि तेरा महिन्यांत पुन्हा झाले. जमील यांचे मूल्यमापन जरूर व्हावे, पण लीगचा एक अखंड हंगाम खेळून आलेले खेळाडू त्यांना मिळाल्यानंतर. आज समर्थकांनी आपला आवाज लावायचाच असेल, तर तो महासंघाकडे लेखी उत्तरे मागण्यासाठी लावावा: पुढच्या हंगामाची तारीख कोणती, ती पाळण्याची हमी कोण देणार, इंडियन ॲरोजच्या जागी काय उभे राहणार, आणि सुपर चषकात तरी मध्यवर्ती आघाडीवीराची जागा भारतीय खेळाडूंसाठी राखून ठेवण्यास क्लबांची तयारी आहे का.