रोल्सच असणार!

घराण्यात एखाद्याला जुन्या मोटारींतले थोडेफार कळते ही बातमी एकदा फुटली, की त्या माणसाचे ग्रह फिरले असे खुशाल समजावे. सकाळी सुप्रभाताच्या गुलाबांपाठोपाठ कुणाच्या तरी पणजोबांचा मोटारीसह काढलेला फोटो माझ्या मोबाइलवर येऊन पडतो आणि खाली मजकूर असतो, "दादा, गाडी कोणती ते सांग. रोल्स रॉइसच असणार, असं आई म्हणते." या आया रोल्सच्या खाली उतरायला कधी तयारच नसतात.

जुनी मोटार ओळखावी ती रेडिएटरवरून, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या जाळीवरून. रोल्सचा रेडिएटर ग्रीक मंदिराच्या दर्शनी भागासारखा, धारदार कडांचा. पॅकार्डच्या रेडिएटरला वरच्या कोपऱ्यांशी ठसठशीत बाक. रेनोवाल्यांनी तर बरीच वर्षे तो इंजिनाच्या मागे बसवला आणि बॉनेट पुढे उतरते ठेवले. एवढे पाठ करून भिंग घेऊन बसावे, तर नेमके रेडिएटरसमोर पणजोबा उभे! मालकी हक्काचा पुरावा म्हणून की काय, ते गाडीला पाठ टेकून, काठी रोवून, धोतराचा सोगा सोडून असे पसरलेले असतात की कारखान्याचे नाव सोगा झाकतो, उजवा दिवा धाकटे बंधू झाकतात आणि डाव्या दिव्यावर कुणीतरी रडके मूल बसवलेले असते. फोटोग्राफरला तरी कळायला हवे होते.

मग मी पणजोबांच्या पायांमधून पाहू लागतो. (हे वाक्य नातेवाइकांसमोर उच्चारू नये.) तिथे आसाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाट्यांची एकच आडवी कमान (म्हणजे स्प्रिंग) दिसली, की बहुधा फोर्डची मॉडेल टी. तशी कमान पुढे ऑस्टिन सेव्हनलाही होती, परंतु ती गाडी इतकी चिमुकली की आमच्या पणजोबांमागे सबंध लपली असती. रेडिएटरची पितळी कड चमकत असेल, तर टी १९१६ पर्यंतची. काळी असेल, तर त्यानंतरची. पायफळीवर कार्बाइडच्या गॅसचा डबा असेल, तर आणखी जुनी, कारण १९१५ पासून तिचे पुढचे दिवे विजेवर लागू लागले. हे सारे मी सविस्तर कळवतो आणि उत्तर येते, "म्हणजे रोल्स नाही?"

कुणी म्हणते, "पण सुकाणू डावीकडे आहे, म्हणजे खास मागवलेली!" अशा वेळी मी पणजोबांच्या कोटाचा वरचा खिसा पाहतो. तो उजव्या छातीवर आला असेल, तर फोटोच उलटा छापलेला आहे. आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक फोर्ड कॅनडातून, सुकाणू उजवीकडे बसवूनच येत. रंगाचा वाद मात्र मी टाळतो. गाडी लालभडक होती असे आजी सांगत असेल, तर फोटोतल्या काळ्या रंगावरून तिला खोटे पाडता येत नाही, कारण त्या काळच्या फोटोच्या बहुतेक काचांवर लाल रंगही काळाच उमटे. फक्त १९१४ ते १९२५ या काळात टी कारखान्यातून काळीच निघत असे, ही माहिती मी आजीचा चहा पिऊन झाल्यावर देतो.

खरा कठीण प्रसंग पुढेच असतो. १९०८ ते १९२७ या काळात या गाड्या दीड कोटींच्या आसपास तयार झाल्या, हे सांगितले की फोनवर अशी शांतता पसरते, जणू मी पणजोबांचेच दीड कोटी नमुने असल्याचे जाहीर केले. परवा आत्या म्हणाली, "तू शिकलेला आहेस, पण पणजोबांना तू पाहिलं नव्हतंस. ते फोर्डमध्ये बसण्यातले नव्हते." मी कमान दाखवली, पितळ दाखवले. आत्याने चश्मा पुसला, फोटो लांब धरला, जवळ धरला आणि तोडगा काढला, "बरं बाबा, फोर्ड तर फोर्ड. फोर्डने काढलेली रोल्स असेल." कुलवृत्तांतात फोटोखाली आता हेच छापायचे ठरले आहे.