नव्या पिढीवर बोलू इच्छिणाऱ्यांसाठी पूर्वतयारी

पन्नाशीच्या आसपास केव्हातरी ‘आजची तरुण पिढी’ या विषयावर चार शब्द बोलण्याची विनंती आपणांस होईल. ती नाकारण्याचा अविचार कृपया करू नये. विषयाला अभ्यास लागत नाही. उलट अभ्यासाने तो नासतो. पूर्वतयारी म्हणून एवढेच करावे की, भाषणाआधीचे आठ दिवस कोणत्याही तरुणाशी दहा मिनिटांपेक्षा अधिक बोलू नये, कारण बोलत राहिल्यास समोर पिढीऐवजी एक माणूस दिसू लागतो आणि मग सरसकट विधान करताना जीभ अडखळते.

प्रथम पिढीची हद्द आखून घ्यावी. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०१९ मध्ये अशी रेघ मारली की, १९९६ पर्यंत जन्मलेले ते मिलेनियल आणि १९९७ पासूनचे जेन झी. या रेघेवर आपली श्रद्धा हवी. ३१ डिसेंबर १९९६ च्या रात्री पावणेबाराला जन्मलेले मूल आणि अर्ध्या तासाने शेजारच्या पाळण्यात आलेले मूल यांच्या मूल्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे आपण ठणकावून सांगावे. एका काळात जन्मल्याने पिढी होत नाही, त्या काळाच्या घडामोडींत एकत्र सापडावे लागते आणि सापडूनही एकाच पिढीतले गट परस्परविरुद्ध दिशांना जातात, असे लिहून कार्ल मानहाइम या समाजशास्त्रज्ञाने १९२८ मध्येच विषय उगाच अवघड करून ठेवला आहे. त्याच्या वाटेला जाऊ नये. खुद्द प्यूनेही २०२३ मध्ये ही लेबले जपून वापरण्याचे ठरवले, पण ते श्रोत्यांना कळण्याचे कारण नाही.

भाषणात सॉक्रेटिस हवाच. मुले ऐषआरामी झाली, थोरांचा मान ठेवत नाहीत, हे त्याच्या नावावर फिरणारे वचन टाळ्या घेते. ते वस्तुतः सॉक्रेटिसचे नसून केनेथ जॉन फ्रीमन या केंब्रिजच्या अभ्यासकाच्या १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रबंधातून आले. तरुणांवर ओढलेला हा आसूड एका तरुणाच्याच लेखणीतला आहे, हे आपल्यापाशीच ठेवावे.

आता आरोप. येथे मात्र चैन आहे, कारण आरोप परस्परांशी जुळण्याची अट नाही. १९५१ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने तेव्हाच्या तरुणांना मूक पिढी म्हटले, कारण ते आवाज करीत नव्हते. १९६८ मधले तरुण रस्त्यावर उतरले, तेव्हा फार आवाज करतात म्हणून वडीलधारे वैतागले. १९७६ मध्ये टॉम वुल्फ या अमेरिकन लेखकाने ते दशकच ‘मी’चे ठरवले आणि २०१३ मध्ये ‘टाइम’नेच पुढच्या पिढीला मुखपृष्ठावर तीन वेळा ‘मी’ बहाल केले. तात्पर्य, गप्प बसला तर घुमा, बोलला तर उर्मट. सध्याचा तरुण मन थकले असे उघड सांगतो, म्हणून तो नाजूक. कामाची वेळ संपताच उठतो, म्हणून तो आळशी. नोकरी धरण्यापूर्वी पगार विचारतो, म्हणून तो पैशाचा लोभी. आपण पगार न विचारता कामाला लागलो आणि पुढची तीस वर्षे घरी कुरकुरत राहिलो, याला निष्ठा म्हणतात. हवामानबदलाचा विषय निघालाच, तर ग्रेटा थनबर्ग १५ व्या वर्षी, ऑगस्ट २०१८ मध्ये, शाळा बुडवून स्वीडनच्या संसदेबाहेर बसली होती, याची आठवण द्यावी आणि चर्चा शाळेच्या हजेरीपटावर आणावी.

‘आमच्या वेळी असे नव्हते’ हे वाक्य मात्र जपून वापरावे, म्हणजे आपल्या वेळचा साक्षीदार सभागृहात नाही याची खात्री करून. २०१९ च्या एका मानसशास्त्रीय अभ्यासात असे आढळले की, ज्यांना स्वतःला वाचनाची गोडी आहे त्यांनाच आजची मुले वाचत नाहीत असे अधिक वाटते. माणूस आपले आजचे रूप जुन्या काळावर चढवतो आणि त्या काळी सगळेच असे होते असे मानतो. म्हणून विसाव्या वर्षीची डायरी घरात असल्यास ती माळ्यावर टाकावी. त्यात वडिलांविषयी काय लिहिले आहे, हे आपल्याला ठाऊक आहेच.

ऐन भाषणात मोबाइलवरचा मजकूर नाहीसा होईल. घाबरू नये. शेवटच्या रांगेतली एखादी एकोणीस वर्षांची मुलगी न बोलावता उठून येईल, दोन बोटांत फाइल परत आणेल, आपण डोळे बारीक करून वाचत होतो हे ध्यानात ठेवून अक्षरेही मोठी करून देईल आणि जागेवर जाऊन बसेल. तिचे आभार मानण्यात वेळ दवडू नये. या पिढीला आभार मानता येत नाहीत, हा मुद्दा दुसऱ्या पानावर घेतलेलाच आहे. घसा साफ करावा आणि जेथे थांबलो होतो तेथून, म्हणजे ‘या मुलांना मोबाइलपलीकडचे काही दिसत नाही’ या वाक्यापासून, पुढे वाचावे.