सेक्टर कळतो, प्लॉट नंबर नाही

आमच्या कोपरखैरण्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा एक मेसेज आला: ‘एचआयव्हीचं एन्झाइम आपल्या डीएनएची चेन उघडतं, अक्षरं वाचतं आणि ठरलेल्या एकाच जागी शिरतं. ती जागा बंद करणारं औषध तीन महिन्यांत रोग मुळासकट काढतं, पण कंपन्या लपवतात.’ पाठवणारे काका गणपतीच्या वर्गणीचा हिशोब पैशापैशाने तपासतात, म्हणून हे त्यांच्यासाठीच लिहितेय.

आधी ती चेन. डीएनए वाचायला तो उघडावाच लागतो असं नाही. पिळाची सुतळी हातात घ्या. दोन पेडांच्या मध्ये खाच लागते. डीएनएला अशा दोन खाचा असतात, एक रुंद, एक अरुंद. रुंद खाचेत अक्षरांच्या कडा बाहेरूनच लागतात आणि बरीच प्रथिनं तिथेच चाचपून क्रम ओळखतात. मेसेजमधलं एन्झाइम, म्हणजे इंटिग्रेज, आपल्या डीएनएची एवढीही चौकशी करत नाही. ते मुख्यतः साखर-फॉस्फेटचा कणा, म्हणजे सुतळीचे पेडच, धरतं आणि सुतळी वाकवतं. २०१० मध्ये फोमी विषाणूच्या (एचआयव्हीच्या लांबच्या भावकीतला) इंटिग्रेजची रचना डीएनएसकट स्फटिकात दिसली. एन्झाइमचे चार रेणू मिळून विषाणूच्या डीएनएची दोन टोकं धरून बसलेले, आणि त्या टोकांवरच्या अक्षरांच्या शेवटच्या तीन जोड्या सुटलेल्या. म्हणजे चेन उघडते, पण विषाणूची स्वतःची!

‘ठरलेली एकच जागा’ हे तर पार उलटं. ठरलेली असते ती विषाणूच्या टोकाजवळची खूण, सी-ए ही दोन अक्षरं. तिथे एन्झाइम भारी चोखंदळ: एचआयव्हीत सी-एच्या पुढची दोन अक्षरं छाटतं आणि ते मोकळं टोक आपल्या डीएनएत रोवतं. आपल्या बाजूला मात्र क्रमाची आवड अगदी पुसट. डीएनए नीट वाकला की झालं. एलईडीजीएफ नावाचं आपलंच एक प्रथिन, घरभेदी म्हणा, इंटिग्रेजला चालू जनुकांकडे घेऊन जातं. त्यामुळे सेक्टर साधारण कळतो, प्लॉट नंबर पेशीगणिक वेगळा.

मग ‘जागा बंद करणारं’ औषध बंद तरी काय करणार? डोल्युटेग्राविर, म्हणजे इंटिग्रेज रोखणारं औषध, आपल्या डीएनएला चिकटत नाही. ते इंटिग्रेजच्या पोटात, मॅग्नेशियमच्या दोन आयनांना धरून बसतं आणि विषाणूचं टोक बाजूला ढकलतं, म्हणून पुढच्या पेशीत घुसखोरी होत नाही. आपल्या डीएनएत आधीच रुजलेल्या विषाणूच्या प्रतीला त्याने धक्का लागत नाही. गोळी थांबली की तीच प्रत नवे विषाणू तयार करू लागते. यात लपवालपवी कसली? सरकारी एआरटी केंद्रात (एचआयव्हीवरच्या उपचाराच्या केंद्रात) ही गोळी मोफत मिळते आणि रोज घ्यायची असते.

काका, ‘तीन महिने’ तेवढं आजच्या आज दुरुस्त करा. रात्री जेवण झाल्यावर ती गोळी घेणारं कुणी आपल्याच विंगमध्ये असेल, आणि ग्रुप तेही वाचतात.