लिंटन–बार्नस्टेपल मार्ग बीचिंग यांनी बंद केलेला नाही

इंग्लंडमधील डेव्हन परगण्यातील लिंटन–बार्नस्टेपल या अरुंद रेल्वेमार्गाचे छायाचित्र हमखास एकाच मजकुरासह फिरत असते: उत्तम चाललेली ही गाडी सरकारी रेल्वेचे अध्यक्ष डॉ. रिचर्ड बीचिंग यांनी केवळ आकडेमोडीपायी बंद केली आणि गावकरी निराधार झाले. यातील जवळपास प्रत्येक शब्द चुकीचा आहे.

तारखांपासून सुरुवात करू. रेल्वेमार्ग आणि स्थानके बंद करण्याची शिफारस करणारा बीचिंग यांचा अहवाल मार्च १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. या मार्गावरची शेवटची गाडी २९ सप्टेंबर १९३५ रोजी धावली, तेव्हा बीचिंग जेमतेम बावीस वर्षांचे होते. सरकारी रेल्वेही तेव्हा अस्तित्वात नव्हती, कारण राष्ट्रीयीकरण १९४८ मधले. मार्गाची मालकी १९२३ पासून सदर्न रेल्वे या खासगी कंपनीकडे होती.

‘उत्तम चाललेली’ हे विशेषण तर मुळीच टिकत नाही. प्रकाशक सर जॉर्ज न्यून्स यांच्या पुढाकाराने १८९८ मध्ये सुरू झालेल्या सुमारे १९ मैलांच्या या मार्गाच्या रुळांमधली रुंदी दोन फुटांहूनही किंचित कमी होती, त्यामुळे बार्नस्टेपलला सामानाचा प्रत्येक नग मोठ्या गाडीतून उतरवून छोट्या गाडीत चढवावा लागे. वळणे आणि चढ इतके की प्रवासाला साधारण दीड तास लागे, आणि एवढे करून लिंटनचे स्थानक गावाच्याही वर डोंगरात. खालच्या लिनमथच्या किनाऱ्यावर जायचे तर पुढचा उतार वेगळाच. उन्हाळी पर्यटकांवर भिस्त असलेल्या या मार्गाने भागधारकांना फारसा लाभांश कधीच दिला नाही.

सदर्नने मार्ग मुद्दाम मारला, असाही एक सूर ऐकू येतो. मारायचाच असता तर १९२५ मध्ये ‘ल्यू’ हे नवे इंजिन विकत घेण्याचे आणि रूळ सुधारण्याचे कारण नव्हते. खरा प्रतिस्पर्धी मोटार होता. मार्ग बंद करण्याला विरोध करण्यासाठी बार्नस्टेपलला भरलेल्या सभेस लिंटनची मंडळी रेल्वेने नव्हे, मोटारींनी आली, अशी आठवण आजही सांगतात; ती तिखटमीठ लावलेली असेलही, पण ज्या रस्त्याने ती मंडळी आल्याचे सांगतात तोच रस्ता पर्यटकही धरू लागले होते. गावकरी निराधार झाले नाहीत. त्यांच्यापैकी अनेकांनी बसचा आधार आधीच घेतला होता.

बीचिंग यांना निर्दोष ठरवण्याचा येथे हेतू नाही. त्यांच्या अहवालाने सुमारे ५,००० मैल मार्ग आणि २,००० हून अधिक स्थानके बंद करण्याची शिफारस केली, आणि त्यातल्या काही ठिकाणी पर्यायी बससेवा टिकली नाही, हा आक्षेप योग्यच आहे. परंतु १९४८ ते १९६२ या काळातच सुमारे ३,००० मैल मार्ग बंद झाले होते, हे त्या आक्षेपासोबत सांगितले पाहिजे. ज्यांना बीचिंग यांच्या यादीतलेच उदाहरण हवे आहे त्यांना बार्नस्टेपल सोडण्याचीही गरज नाही: तेथूनच निघणारा इल्फ्राकूमचा नेहमीच्या रुंदीचा मार्ग १९६३ च्या यादीत होता आणि १९७० मध्ये तो बंद झाला.