मिनिमम ड्यू वेळेवर भरता, तरी कर्ज का हलत नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची सविस्तर प्रतिक्रिया वाचली. मी क्रेडिट कार्डाची उगाच भीती घालते आणि ‘दर महिन्याला पूर्ण बिल भरा’ हा सल्ला हातात पैसा खेळणाऱ्यांनाच परवडतो, असं तुमचं म्हणणं आहे. तुम्ही स्वतः दर महिन्याला मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान भरायची रक्कम, वेळेवर भरता, लेट फी कधी लागलेली नाही, खरेदीपासून बिल भरण्याच्या तारखेपर्यंतच्या बिनव्याजी दिवसांचाही फायदा घेता. मग कर्जात अडकण्याचा प्रश्न येतोच कुठे, असं तुम्ही विचारलंय.

पैशांच्या ओढीबद्दल तुम्ही लिहिलंय ते मला मान्य आहे. आजारपणात किंवा नोकरी गेल्यावर ज्यानं कार्डावर घर चालवलं, त्याला शिस्तीचे धडे देणं हे जखमेवर मीठ चोळणं आहे. पण मिनिमम ड्यूबद्दल मी अजिबात सहमत नाही. हा समज अनेकांचा असतो आणि तोच सगळ्यात महागात पडतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सोपा हिशोब घेऊ. थकबाकी १,००,०००, व्याज महिना ३ टक्के, मिनिमम ड्यू थकबाकीच्या ५ टक्के. (प्रत्येक कार्डाचे आकडे थोडे वेगळे असतात.) नवी खरेदी शून्य, कर आणि इतर आकार बाजूला ठेवू. पहिल्या महिन्यात तुम्ही ५,००० भरता. उरलेल्या ९५,००० वर २,८५० व्याज चढतं आणि पुढचं बिल येतं ९७,८५० चं. म्हणजे खिशातून गेले पाच हजार आणि कर्ज उतरलं २,१५० नं. थकबाकी किंचित घटली की मिनिमम ड्यूही किंचित घटतो, पुढच्या खेपेला तो साधारण ४,८९३ असतो. भरणाऱ्याला हायसं वाटतं, पण फेड लांबते ती नेमकी यामुळेच. असे ३० हप्ते भरून झाले की तुमचे एकूण १,११,००० च्या वर गेलेले असतात आणि तरीही सुमारे ५२,००० देणं बाकी असतं.

आता याच कर्जावर बिलातला मिनिमम ड्यू कितीही कमी होवो, तुम्ही दर महिन्याला ५,००० च भरत राहिलात तर? त्याच ३० हप्त्यांत कर्ज संपतं. तिसावा हप्ता तर तीन हजारांच्याही आत असतो. पहिल्या महिन्याचा हप्ता दोन्हीकडे सारखाच होता, फक्त तो खाली घसरू दिला नाही. ज्यांना पूर्ण बिल भरणं शक्यच नाही, त्यांना मी हेच सांगेन. आज झेपेल तो आकडा ठरवा आणि कर्ज फिटेपर्यंत तोच भरा.

बिनव्याजी दिवसांचं मात्र तुमच्या बाबतीत बहुधा उलटं होतंय. बहुतेक कार्डांवर ही सवलत मागचं बिल पूर्ण चुकतं केलेल्यालाच मिळते. थोडी जरी थकबाकी पुढे ओढली तरी नव्या खरेदीवर खरेदीच्या दिवसापासून व्याज लागतं. त्यामुळे थकबाकी असेपर्यंत ते कार्ड रोजच्या खर्चाला वापरू नका. रोख किंवा डेबिट कार्ड वापरा. कार्डावरून एटीएममधून पैसे काढायचे तर नाहीच, तिथे पहिल्या दिवसापासून व्याज लागतं आणि वर वेगळी फीही.

सुरुवातीला कार्डाचा व्यवहार असा नव्हता. १९५० मध्ये आलेल्या डायनर्स क्लबच्या कार्डाचं बिल दर महिन्याला पूर्ण भरावं लागे. १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकानं फ्रेस्नो शहरात आणलेल्या कार्डानं थकबाकी व्याजासह पुढे ढकलायची मुभा दिली आणि पुढे तीच पद्धत रूढ झाली. अडीनडीला ही मुभा खरोखर उपयोगी पडते, हे मी नाकारत नाही. पण देणारा व्याजावर कमावतो, आणि बिलावर मिनिमम ड्यूचा आकडा छापलेला असतो तो काही तुमच्या सोयीचा हप्ता काढून नव्हे.

लेट फी लागली नाही, वेळेवर भरल्याची नोंद राहिली, हे चांगलंच आहे. पण कार्डाच्या लिमिटच्या मानानं थकबाकी मोठी राहिली तर क्रेडिट स्कोअरला (कर्ज देताना बँका बघतात त्या गुणांना) तीही बाधते. रक्कम मोठी असेल तर बँकेशी बोला. कमी व्याजाच्या वैयक्तिक कर्जानं कार्ड फेडून टाकणं बऱ्याचदा स्वस्त पडतं, फक्त प्रोसेसिंग फी धरून हिशोब करा. आणि एकदा कार्ड रिकामं झालं की त्यावर पुन्हा खर्च सुरू करू नका, नाहीतर दोन्ही कर्जं डोक्यावर बसतात. हे मी पोटतिडकीनं सांगतेय.

आज एक करा. ऑटो-पे लावलं असेल तर त्यात ‘मिनिमम’ निवडलंय की ‘टोटल’, ते उघडून बघा. थकबाकी, व्याजाचा दर आणि दरमहा झेपणारी रक्कम एवढे तीनच आकडे इथे लिहिलेत तर किती महिन्यांत फिटेल ते मांडून देईन. कार्डाचा नंबर मात्र कुठेही लिहू नका.