नवरी सावळी आहे म्हणून स्पॉट मीटरिंग? हा नियम कुणी काढला?

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘प्रो फोटोग्राफरचे ५ गुप्त नियम’ असा मेसेज येऊन पडला. सेलूचा माझा भाचा कॅनन १५००डी घेऊन लग्नाच्या ऑर्डरी घ्यायला लागलाय, त्याच्या उपयोगाचा म्हणून कुणीतरी टाकला. परभणी-जालन्याकडच्या फोटोग्राफरांच्या ग्रुपांवरही तो फिरतोच आहे. नियम असे: फोकस पॉइंट (ज्या ठिपक्यावर कॅमेरा फोकस लावतो तो) कायम मधलाच ठेवा. ग्रुप फोटोला मात्र सगळे पॉइंट चालू करा, म्हणजे सगळे चेहरे शार्प येतात. मीटरिंग (कॅमेऱ्यानं उजेड मोजणं) कायम स्पॉट, कारण जिथं फोकस तिथंच मीटरिंग, मॅट्रिक्स (अख्ख्या फ्रेमचा उजेड मोजणं) नवशिक्यांसाठी. नवरी सावळी असेल तर स्पॉट तिच्या चेहऱ्यावर धरा, गोरी येते. आणि रॉमध्ये (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली फाइल) काढत असाल तर मीटरिंगची काळजीच सोडा.

चौथ्यापासून सुरू करतो, कारण संताप त्याचाच आहे. त्याच ग्रुपवर माझी पुतणी आहे. तिचं लग्न ठरलंय, ती सावळी आहे, आणि मेसेज तिनंही वाचलाय.

स्पॉटमध्ये कॅमेरा एका छोट्या वर्तुळातला उजेड मोजतो आणि तेवढा भाग मध्यम करडा यावा असं एक्सपोजर देतो, म्हणजे तेवढा उजेड फोटोत घेतो. बस, एवढंच. चेहरा मध्यम करड्यापेक्षा एक स्टॉप (म्हणजे उजेडानं निम्मा) गडद असेल तर कॅमेरा एक स्टॉप वाढवतो. पण हा वाढलेला स्टॉप फक्त चेहऱ्याला मिळत नाही, अख्ख्या फोटोला मिळतो. मुंडावळ्यांचे मोती फुटतात (नुसते पांढरे होऊन तपशील जातो), शालूच्या जरीचं काम पुसलं जातं, दागिन्यांवर नुसते पांढरे डाग उरतात, शेजारी उभ्या नवरदेवाचा पांढरा फेटा सपाट होतो. पुढच्या फोटोत तेच वर्तुळ त्या फेट्यावर पडलं की कॅमेरा उलटा फिरतो. पांढऱ्याला करडं करायला एक्सपोजर दीड-दोन स्टॉप खाली ओढतो आणि नवरीचा चेहरा अंधारात जातो. म्हणजे अल्बमच्या एका पानावर ती पिठासारखी, दुसऱ्यावर ओळखू न येण्याइतकी काळी. आणि गोऱ्या चेहऱ्यावर स्पॉट धरा, तो आहे त्यापेक्षा गडद येतो! याला गोरं करणं म्हणत नाहीत, एक्सपोजर चुकणं म्हणतात.

अर्धं खरं यात आहे, ते मान्य करतो. दुपारी मांडवाची मागची बाजू उघडी असेल, नवरीच्या पाठीमागं रखरखीत ऊन असेल, तर चेहऱ्यावर स्पॉट धरणं योग्यच. पण ते पाठीमागच्या उजेडामुळं. तिच्या रंगाशी त्याचा संबंध नाही. तिथं गोरी मुलगी बसली तरी तेच करावं लागतं.

सावळा चेहरा चांगला यायला उजेड लागतो. तिला मांडवाच्या तोंडाशी बसवा, समोरून पांढरी चादर धरायला एखादं लेकरू उभं करा. कातडीवर उजेडाची कड आली की सावळा रंग जितका देखणा दिसतो तितका दुसरा कुठलाच नाही. स्टेजवरचे लाइट बदलत नसतील तर कॅमेरा एम (मॅन्युअल) मोडवर टाका, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) पक्का करा, एकदा एक्सपोजर लावा आणि हात लावू नका. मग फेटा पुढं येवो की शालू, नवरी सगळ्या अल्बममध्ये एकाच रंगाची दिसेल, तिच्या स्वतःच्या.

आता ‘जिथं फोकस तिथंच मीटरिंग’. हे निकॉनवाल्यानं लिहिलेलं दिसतंय आणि कॅननवाल्यांनी डोळे झाकून पुढं ढकललंय. निकॉनच्या बहुतेक डीएसएलआरमध्ये स्पॉटचं वर्तुळ निवडलेल्या फोकस पॉइंटबरोबर सरकतं, हे खरं. डी३५००मध्ये ते फ्रेमच्या सुमारे २.५ टक्के असतं. कॅननमध्ये १डी मालिकेसारखे अपवाद सोडले तर डीएसएलआरचं स्पॉट मधोमध खिळलेलं. फोकस पॉइंट कोपऱ्यात न्या, मोजणी मधलीच होणार. आणि भाच्याच्या १५००डीमध्ये तर स्पॉट मीटरिंग हा पर्यायच नाही! इव्हॅल्युएटिव्ह (कॅननचं मॅट्रिक्स), पार्शियल आणि सेंटर-वेटेड (मधल्या भागाला जास्त वजन देणारं), एवढे तीनच. पार्शियल म्हणजे मधला सुमारे १० टक्के भाग. खोक्यासोबतचं मॅन्युअल उघडलं असतं तरी हे दिसलं असतं.

त्याच मॅन्युअलमध्ये याहून महत्त्वाची गोष्ट आहे. इव्हॅल्युएटिव्हमध्ये शटर बटण अर्धं दाबून फोकस लागला की एक्सपोजरही लॉक होतं. पार्शियल आणि सेंटर-वेटेडमध्ये होत नाही. ते फोटो निघतो त्या क्षणी ठरतं. म्हणजे नियम एक आणि तीन (स्पॉट नाही म्हणून पार्शियल लावून) मिळून पाळले, मधल्या पॉइंटनं चेहऱ्यावर फोकस करून फ्रेम सरकवली, की मोजणी चेहऱ्याची न होता मागच्या पडद्याची होते. त्यासाठी चांदणीचं बटण दिलंय, फ्रेम हलवण्याआधी ते दाबायचं असतं. त्याचा मेसेजमध्ये पत्ता नाही.

तुमच्या कॅमेऱ्यात काय होतं ते घरी तपासा. काळ्या घोंगडीवर पांढरा रुमाल एका बाजूला ठेवा. अ‍ॅपर्चर मोड (लेन्सचं छिद्र तुम्ही ठरवता, शटर स्पीड कॅमेरा), आयएसओ पक्का, मीटरिंग स्पॉट, नसेल तर पार्शियल. फ्रेम न हलवता फोकस पॉइंट घोंगडीवरून रुमालावर न्या. शटर स्पीड तसाच राहिला तर मोजणी पॉइंटला बांधलेली नाही.

मधला पॉइंट कायम ठेवण्यातही अर्धं तथ्य आहे. १५००डीच्या ९ पॉइंटांपैकी मधला एकच क्रॉस-टाइप (उभ्या-आडव्या दोन्ही रेषा पकडणारा), अंधारात तोच भरवशाचा. अजिंठ्यात फ्लॅशला बंदी, तिथं मीही तोच वापरीन. पण फुल-फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ५० मिमी, एफ/१.८ (लेन्सचं छिद्र मोठं उघडं), दीड मीटरवरून चेहरा टिपताना फोकसची खोली, म्हणजे शार्प येणारा पट्टा, पुढंमागं मिळून जेमतेम १० सेंमी. फोकस करून कॅमेरा १५ अंश वळवला की फोकस ५ सेंमी मागं सरकतो. डोळे गेले, कान शार्प. अशा वेळी डोळ्यावरचाच पॉइंट निवडा.

ग्रुप फोटोला सगळे पॉइंट चालू केल्यानं सगळे चेहरे शार्प येतात, हे तर धडधडीत खोटं. लेन्स एका वेळी एकाच अंतरावर फोकस करते. सगळे पॉइंट चालू म्हणजे निवड कॅमेऱ्याच्या हाती, आणि तो बहुतेकदा सगळ्यांत जवळचं धरतो, मग ती स्टेजपुढची फुलांची कुंडी का असेना. कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स २४ मिमीवर, एफ/८ (छिद्र लहान), चार मीटरवरच्या ओळीवर फोकस करा; साधारण दोन मीटरपासून मागचं सगळं नीट येतं. शार्पपणा या छिद्रामुळं आणि अंतरामुळं मिळतो.

मॅट्रिक्स नवशिक्यांसाठी? निकॉननं पाच भागांची ही मोजणी १९८३मध्ये एफए कॅमेऱ्यात आणली, तो काही नवशिक्यांचा कॅमेरा नव्हता. ती चुकतेही, बीबी का मकबऱ्याच्या पांढऱ्या भिंतींनी फ्रेम भरली की फोटो करडा येतो. एक स्टॉप प्लस करा, काम झालं.

राहिलं रॉ. थोडी सूट मिळते, पण पांढरं पूर्ण फुटलं तर त्या जागी माहितीच नोंदलेली नसते, ती कुठलंही सॉफ्टवेअर आणत नाही. स्टेजवर पहिला फोटो काढल्यावर डिस्प्ले बटण दाबून माहितीसकट बघा. फुटलेला भाग लुकलुकतो. फेटा लुकलुकत असेल तर एक्सपोजर खाली घ्या आणि मगच पुढचा काढा.